जावयासाठी पहिल्यापासून

“बंडल! शुद्ध बंडल! ह्याला पार्ट टू म्हणायची लाज वाटली पाहिजे बनवणाऱ्याला!”

गॅलरीत उभं राहून हे जे ओरडणं चाललेलं, ते कोणा टपोरी पोराचं नव्हतं. त्या इनामदारबाई होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका. त्या समोरून आल्या की आमच्या डोंबिवलीच्या चाळीतले मिशीवाले बाप्येसुद्धा विडी पाठीमागे लपवायचे, आणि एकदा तर म्हणे एका बैलाने त्यांना बघून रस्ता बदललेला. तो बैल मी पाहिलेला नाही, पण बाई पाहिल्यात, तेव्हा गोष्ट खरीच असणार. त्यांच्या हातात पोह्यांची बशी होती आणि प्रत्येक ‘बंडल’बरोबर थोडे पोहे खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या मिरच्यांवर पडत होते.

“बाई, तुम्हाला पिक्चर कळलाच नाही,” पक्या म्हणाला. पक्या म्हणजे शेजारच्या खोलीतला प्रकाश. त्याचं नाव कॉलेजात होतं आणि पाय व्हिडिओ लायब्ररीत. चाळीत रविवारी कुठली कॅसेट यायची हे तोच ठरवायचा, त्यामुळे आम्हा पोरांमध्ये त्याचा मान कलेक्टरच्या वरचा.

“मला? मला नाही कळला? अरे, तुझ्या बापाला मी अपूर्णांक शिकवलेत!”

“अपूर्णांक वेगळे नि मर्डर वेगळा, बाई.”

यावर मी गॅलरीच्या कठड्यावर चढले आणि बाईंच्या बाजूने जी किंचाळले, ती कल्याणच्या खाडीवरचे बगळे उडाले असतील अशी. कारण मी पहिल्या भागाची होते, कट्टर. आणि दुसरा भाग नुकताच, आमच्याच खोलीत, खिडक्यांना चादरी लावून केलेल्या सकाळच्या अंधारात संपलेला होता.

पिक्चरचं नाव ‘काली कैंची’. आता तो कोणाला आठवत नाही, आणि बनवणाऱ्यांनाही आठवत नसावा. पहिल्या भागात एक शिंपी असतो, ज्याला सगळे ‘मास्टर’ म्हणतात. त्याच्या तोंडावर काळं पोतं, डोळ्यांना दोन भोकं. अख्ख्या पिक्चरभर एक शब्द बोलत नाही. फक्त कात्रीचा आवाज येतो, कच्... कच्... आणि मग गळ्यात टेप घातलेला तो दार फोडून आत. आधी माप घेतो, मग कापतो. हा भाग आला तेव्हा चाळीची जी हालत झाली ती सांगून पटणार नाही. दोरीवर टांगलेला कोणाचा झब्बा वाऱ्याने हलला तरी लहान पोरं पलंगाखाली. मोरीत जायचं म्हणजे वरात काढावी लागे. नाक्यावरचा खराखुरा शिंपी, ज्याने उभ्या जन्मात झुरळ मारलं नव्हतं, त्याच्याकडे मी परकराचं माप द्यायला गेले आणि त्याने टेप काढल्याबरोबर जी पळाले ती थेट मानपाड्याच्या नाक्यावर थांबले. तो परकर शेवटी अंदाजाने शिवला आणि मी तो तसाच, एका बाजूने लोंबणारा, दोन वर्षं वापरला.

आणि दुसऱ्या भागात काय केलं या लोकांनी? पोतं काढलं! आत चांगला गोरागोमटा माणूस निघाला. केसांचा भांग, खिशात कंगवा. दार फोडत नाही, बेल वाजवतो. “बहनजी, नाप लेना था,” असं इतकं गोड म्हणतो की आपल्यालाच वाटावं, घ्या बाबा माप, उभं का राहता, बसा.

“भीती दाखवायची नसते, लपवायची असते!” बाई ओरडल्या. “चेहरा दाखवला, संपलं. आता तो आमच्या वाण्यासारखा दिसतो.”

“तेच तर ना! वाण्यासारखा दिसतो म्हणूनच डेंजर,” पक्या म्हणाला. “पहिल्यात काय, येतो, कापतो, जातो. दुसऱ्यात डोकं लावतो तो.”

“गोड बोलणाऱ्याला कोण घाबरतं रे?” मी म्हटलं.

अर्धी चाळ आमच्याकडे, अर्धी पक्याकडे. मतं मोजता मोजता मी आत तोंड घालून विचारलं, “आत्या, तू कुठल्या पार्टीची?”

आत्या स्टोव्हपुढे बसून घावणे घालत होती. तिने वर न बघता सांगितलं, “दुसऱ्यात मला मधेच उठून जावं लागलं.”

“बघा!” मी बाहेर येऊन नाचले. “एवढा बंडल, की आत्या अर्ध्यातून उठून गेली!”

आज मी ठाण्यात, माजिवड्याला चौदाव्या मजल्यावर राहते. नातू कानात बोंडं घालून असले पिक्चर जेवता जेवता बघतो, एका हाताने वरणभात आणि दुसऱ्या हाताने कोणा न पाहिलेल्या माणसाशी भांडण, की चौथा भाग सरस की पाचवा. मी विचारते, “भीती नाही वाटत?” तो म्हणतो, “आजी, हे कॉमेडी आहे.” त्याच्या वयाची होते तेव्हा मीही मतं अशीच वाटत फिरायचे, चण्याफुटाण्यांसारखी.

पण आत्याबद्दल सांगायला हवं.

आमची खोली चाळीच्या टोकाची, म्हणून मोठी, म्हणून रविवारी टीव्ही आणि भाड्याचा व्हीसीआर आमच्याकडे. टीव्ही मूळचा इनामदारबाईंचा. तो पक्या खांद्यावरून आणायचा आणि बाई पुढे चालत “वाट द्या, वाट द्या” करायच्या. बाबा रंगाच्या कंपनीत होते. त्या त्या दिवशी कंपनीत जो रंग निघायचा तो त्यांच्या नखांत आणि कानांच्या पाळ्यांत यायचा. सोमवारी निळे बाबा, गुरुवारी गुलाबी. एकदा माझ्या शाळेच्या सभेला ते हळदीसारखे पिवळे होऊन आले आणि आमच्या वर्गाच्या बाईंनी त्यांना कावीळ झाली समजून उसाचा रस मागवला. वाऱ्याला कंपन्यांचा वास असायचा, कधी कुजक्या अंड्यांचा, कधी बदामाचा, आणि बदामाचा आला की आई खिडक्या लावायची. आई कोकणातली, तिच्या हाताला कुळीथ आणि सुका जवळा यांच्याशिवाय करमायचं नाही. कंपनीचा भोंगा झाला की स्टोव्हला पंप मारायचा, बाबा दारात दिसले की पिठी उकळायला हवी, असा घराचा नेम.

या घरात सुमनआत्या आली ती एका पिशवीनिशी, भर दुपारी, बाबा कामावर असताना. बाबांची धाकटी बहीण. कल्याणला दिलेली. नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. “पटत नाही त्यांचं,” एवढंच आई शेजारी सांगायची. दंडावर एक डाग होता, त्याला “तवा लागला” असं नाव होतं. आत्या आली आणि फॉल-बिडिंगची कामं घेऊ लागली, आणि घरातली सगळ्यात वाईट जागा तिने निवडली, म्हणजे मोरीच्या कोपऱ्यातली, जिथे पाठीला भिंत लागते आणि दार समोर दिसतं. तिथे ओल यायची. आई म्हणायची, “वन्सं, इकडे उजेडात बसा की.” ती हसायची आणि तिथेच बसायची. दुसरी गोष्ट म्हणजे रेडिओ. मला गाणी कंपनीच्या भोंग्याइतकी मोठ्याने ऐकायची सवय. मी आवाज चढवला की आत्या, हातात सुई तशीच धरून, उठून यायची आणि बटण खाली करायची. रागवायची नाही. नुसती बटण खाली करून परत कोपऱ्यात. आम्ही ठरवून टाकलं, हिला डोकेदुखी आहे. आईने सुंठेचा लेपही उगाळून दिलेला.

वसंतकाका, म्हणजे तिचा नवरा, एकदा येऊन गेलेला. होळीच्या सुमाराला, दारू पिऊन, खालच्या चौकातून तिच्या नावाने शिव्या देत. काकाच्या येण्याचा तो पहिला भाग मी पुढे शाळेत इतक्या वेळा सांगितला की त्यात आता तलवारही आली आहे. खरं एवढंच घडलं, की त्याने आमची तुळशीची कुंडी फोडली, मग चाळीतल्या बायका लाटणी, झाडू, एक उलथनं आणि इनामदारबाईंची छत्री घेऊन खाली उतरल्या आणि तो चपला टाकून पळाला. त्यातली एक चप्पल मी कौलांवर फेकली. ती तिथे पुढे पावसाळाभर होती. आम्ही पोरं त्या दिवशी इतकी खूश होतो की बाबांनी भजी आणली. घाबरलं कोणी नाही. ओरडणाऱ्या माणसाला कोण घाबरतं, त्याच्या हातात काय आहे ते दिसतं तर.

तर त्या रविवारी जेवणं झाली, वाद मिटेना, आणि पक्या म्हणाला, “चला, बेलवाला सीन परत लावतो. ज्याच्या अंगावर काटा येईल त्याने हात वर करायचा. फैसला.” चादरी पुन्हा लागल्या. खोलीत इतकी माणसं कोंबली गेली की कोणाच्या मांडीवर कोण बसलंय याचा पत्ता नाही. बाबा दाराजवळ भिंतीला टेकून, शनिवारच्या रंगाने जांभळे. आई तांदूळ निवडत. आत्या कोपऱ्यात. पडद्यावर मास्टर जिन्याने वर येतो, भांग नीट करतो, बेलकडे बोट नेतो...

आणि आमच्या दाराची कडी वाजली.

किंकाळ्यांनी कौलं उडाली म्हणते मी. एक पोरगं बाबांच्या डोक्यावर चढलं. पक्याने स्वतःचाच पाय चावला अशी आवई पुढे उठली, ती मीच उठवलेली. किंचाळण्यात सगळ्यात पुढे मी होते म्हणून दार उघडायला मलाच ढकललं. मी उघडलं.

वसंतकाका उभा होता. पांढरा स्वच्छ शर्ट, तेल लावून काढलेला भांग, दाढी केलेली. एका हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात पिशवी, तिच्यातून नारळाची शेंडी दिसत होती. त्याच्या तोंडाला कसलाच वास नव्हता. “काय नंदे, मोठी झालीस की,” तो म्हणाला. “बाबा आहेत?”

तो आत आला आणि सगळ्यांसमोर वाकून बाबांच्या पायांना हात लावला. बाबा इतके गडबडले की त्यांनीही वाकायला घेतलं. “चुकलो, दादा,” काका म्हणाला. “दारू सोडली. माळ घातली गळ्यात. बघा. सुमनला न्यायला आलोय, रीतसर. साडी आणलीय, नारळ आणलाय.” आवाज कसा होता म्हणाल, तर तापातल्या मुलाला औषध पाजताना काढतात तसा. आईला म्हणाला, “वहिनी, तुमच्या तुळशीची कुंडी मी फोडली, दुसरी आणून देणार.” इनामदारबाईंचं मनगटावरचं घड्याळ त्याने लांबूनच ओळखलं, मागे पडतंय म्हणाला, काढून घेतलं, खिशातल्या चिमट्याने तिथल्या तिथे उघडून काहीतरी केलं आणि कानाला लावून परत दिलं. “ऐका. आता बोलतंय नीट.” बाई चक्क लाजल्या. बाई!

आत्या पाणी घेऊन आली. ताटलीत पेला, आणि तो पेला ताटलीवर असा वाजत होता, किर्र किर्र किर्र, की पंख्यात काहीतरी अडकलंय असं वाटून पक्याने वर बघितलं. काकाने पेला उचलला तेव्हा आवाज थांबला. “कशी आहेस?” त्याने विचारलं. आत्या म्हणाली, “बरी.” तिच्या पायाची बोटं शहाबादी फरशीला आत वळून धरत होती, जशी आम्ही पोरं विहिरीच्या काठावर उभं राहताना धरायचो. मला ते दिसलं. मला ते कोणाला सांगता आलं नाही, कारण काय सांगणार? माणूस पेढे घेऊन आलेला.

आता आमच्याकडे एकदा जावई साडी-नारळ घेऊन न्यायला आला की प्रश्न उरत नाही. बाबांनी आईकडे पाहिलं, आईने बाबांकडे, आणि आई ओटीचे तांदूळ मोजायला उठली, तेच, जे निवडत होती. “उजेडात निघा म्हणजे झालं,” बाबा म्हणाले. आई आत्याची पिशवी भरू लागली. आणि तोवर जावयाला बसवायचं कुठे? घरातली एकच खुर्ची टीव्हीसमोर. तिच्यावरून तीन पोरं उठवली, त्याला बसवला, हातात चहा दिला. तो म्हणाला, “चालू ठेवा की पिक्चर, माझ्यासाठी कशाला थांबवता?” तेव्हा बाबांनी ते वाक्य म्हटलं, जे आमच्या घराण्यातला कुठलाही माणूस म्हणालाच असता: “अहो असं मधूनच कसं बघणार तुम्ही? पक्या, जावयांसाठी पहिल्यापासून लाव.”

कॅसेट मागे गेली, घर्रर्र करत. अख्ख्या खोलीने दुसरा भाग पुन्हा पहिल्यापासून बघायला सुरुवात केली, मानपान म्हणून.

काका शौकीन निघाला. पहिला भाग त्याने कल्याणला पाहिलेला, तोंडपाठ. पोरांनी लगेच त्याला घेरलं. “काका, तुम्ही कुठल्या पार्टीचे?” तो पेढा खात हसला. “आधी बघू तर दे.” मग मधे मधे बोलू लागला, आणि इतकं नेमकं बोलायचा की सगळे हसायचे, पक्या तर मांडी बडवत होता. “हा बघ, हा गुरखा झोपणार.” गुरखा झोपला. “ही बाई आता साखर मागायला जाणार शेजारी.” गेली. मीसुद्धा हसले. मला वाटलं, काय वाईट आहे या माणसात?

मग मास्टर जिन्याने वर आला, बेल वाजली, आणि पिक्चरातल्या आईने स्वतः दार उघडून पोरीला हाक मारली, की जा, माप देऊन ये.

“हां!” काका खुर्चीत पुढे सरकला. “आता ऐक, नंदे. मी दुसऱ्या पार्टीचा. पहिल्यात त्याची चूक काय झाली? आरडाओरडा. दारं फोडली, शेजारी गोळा झाले, पोतं सोडून पळायला लागलं. हसं झालं. दुसऱ्यात तो शहाणा झाला. आता तो काय करतो? काहीच नाही. नुसता उभा. घरचेच पाठवतात तिला. बघ, बघ, बाप कसा खूश आहे बघ!”

पडद्यावरचा बाप खरंच खूश होता. पक्या हसला, मग त्याचं हसणं अर्ध्यात राहिलं. आईचा हात आत्याच्या पिशवीत होता, तो तिथेच थांबला.

इनामदारबाई हळूच वाकल्या आणि टीव्हीचा आवाज बारीक केला. मग वर्गात फळ्याजवळ बोलवलेल्या मुलाला विचारावं तशा, अगदी मायेने, त्यांनी विचारलं, “आणि मग, वसंतराव? ती घरात गेल्यावर?”

“मग काय, बाई.” तो त्याच्या नादात होता, घड्याळ दुरुस्त करताना असावा तसा. दोन बोटांनी हवेत बारीक स्क्रू फिरवल्यासारखं करत होता. “एकदा दार लागलं की घाई कशाला? सगळी रात्र आपली. फक्त आवाज बाहेर जाता कामा नये. ते या लोकांना समजतच नाही बघा, हे पिक्चरवाले. रेडिओ लावायचा. मोठ्याने. साधी गोष्ट.”

व्हीसीआरचं चाक फिरताना ऐकू येत होतं. मी आत्याकडे बघितलं नाही. मला बघवेना. मी रेडिओकडे बघितलं, कपाटावर लोकरी टोपडं घालून ठेवलेला आमचा रेडिओ, आणि दोन्ही हात काखेत घातले. त्या वेळी मला जी भीती वाटली, ती कुठल्या पोत्याची, कात्रीची नव्हती. ती अशी होती, की हा माणूस आत्ता आमच्या खुर्चीवर बसलाय, त्याच्या ओठाला पेढा लागलाय, आणि थोड्या वेळाने आम्ही सगळे त्याला रिक्षापर्यंत पोचवायला जाणार आहोत.

बाबा उठले. माझे बाबा म्हणजे मांजर अंगावर बसलं तर पाय दुखेपर्यंत न हलणारा माणूस. कोणाला मोठ्याने बोललेले मला आठवत नाहीत, त्या दिवशीही बोलले नाहीत. टीव्हीचं बटण दाबलं. खिडकीवरची एक चादर ओढून काढली. उजेड आत आला तसे सगळे डोळे मिचकावू लागले, तेवढा एक काका सोडून.

“वसंतराव, चहा झाला का तुमचा?”

“झाला की.”

“मग निघा.”

काकाने आधी हसून घेतलं. “सुमनची तयारी झाली?”

“सुमन इथेच राहील.”

“दादा,” तो तसाच गोड म्हणाला, “मी पिक्चरचं बोलत होतो.”

“मीपण,” बाबा म्हणाले. त्यांच्या जांभळ्या कानांच्या पाळ्या थरथरत होत्या.

मला वाटलं, आता तो ओरडेल. देवाशप्पथ सांगते, मी मनात म्हणत होते, ओरड रे बाबा, कुंडी फोड, शिव्या दे, म्हणजे लाटणी काढता येतील. तो ओरडला नाही. त्याने एकेकाकडे पाहिलं, आईकडे, बाईंकडे, पोरांकडे, माझ्याकडेही, आणि प्रत्येकाकडे सारखाच हसला. मग साडी पिशवीत नीट घडी घालून ठेवली, वरून नारळ, उरलेल्या पेढ्यांचा पुडा बांधला आणि तोही ठेवला. आत्याकडे मात्र त्याने पाहिलं नाही, जणू ती तिथे नव्हतीच. आत्या भिंतीला अशी लागून उभी होती की भिंतीवरची ओल तिच्या पदरावर उतरली होती.

गॅलरीत तोवर बायका येऊन थांबल्या होत्या. कोणाच्या हातात काही नव्हतं. त्यांच्यामधून वाट काढत तो चालला, “येऊ का, वहिनी”, “येऊ का, मावशी” असं करत, आणि कोणी “या” म्हटलं नाही. पक्या त्याच्या मागे मागे नाक्यापर्यंत गेला. रिक्षात बसताना काकाने त्याला विचारलं म्हणे, “शेवटी काय होतं रे त्या मास्टरचं?” आणि पक्याने, ज्याने सकाळपासून दुसऱ्या भागासाठी घसा फोडून घेतला होता, उत्तर दिलं, “बंडल आहे, काका. नका बघू.”

नंतर तो आला का? आला. रस्त्यावर उभा राहायचा, वाण्याशी, पेपरवाल्याशी गोड बोलायचा. आईने दाराला दुसरी कडी बसवून घेतली. मी शाळेतून येताना प्रत्येक पांढरा शर्ट बघून गल्ली बदलायचे, आणि डोंबिवलीत पांढरे शर्ट किती असतात ते तेव्हा मला कळलं. आत्या आमच्याकडेच राहिली, आधी फॉल-बिडिंग, मग बालवाडीत. पण ते सगळं पुढचं. आणि ‘काली कैंची’बद्दल चाळीत पुन्हा वाद झाला नाही. व्हीसीआर पुढच्या रविवारी आला तेव्हा बाईंनी स्वतः सांगून पौराणिक कॅसेट आणवली. तिच्यात राक्षस मुळीच घाबरवणारे नव्हते आणि आम्ही सगळे शेवटपर्यंत बसून राहिलो.

त्या संध्याकाळी मात्र चादरी घड्या घालून झाल्या, पक्या टीव्ही खांद्यावर घेऊन गेला, कंपनीचा भोंगा झाला. आई स्टोव्हला पंप मारायचं विसरून नुसती बसली होती. आत्या कोपऱ्यात नव्हती, खोलीच्या मधोमध बसून आईने ओटीसाठी काढलेले तांदूळ परत डब्यात भरत होती. सांडलेला दाणा न् दाणा वेचून. बाबा तिच्यासमोर उकिडवे बसले. नखांतला जांभळा रंग दुसऱ्या नखाने काढत होते आणि तो निघत नव्हता.

“सुमे,” ते शेवटी म्हणाले, “मी तुला पाठवायला निघालेलो गं. तू एका शब्दाने काही बोलली का नाहीस?”

आत्याने डब्याचं झाकण लावलं, नीट बसलंय का बघितलं, आणि म्हणाली, “तुम्ही सगळे पिक्चर बघत होतात, दादा.”